आजची तारीख

आज्याचं गाव मुळशीच्या धरणात गेल्याचा दाखला मिळवायला कासार आंबोलीचे कोंडाजी सातव्या हेलपाट्याला कचेरीत आले, तर काम बंद. कम्प्युटरची चाचणी चालली होती.

"आजोबा, २०३८ साली जुन्या कम्प्युटरांची तारीख एकदम मागं जाणार आहे," खिडकीवरच्या गौतमी मॅडम म्हणाल्या. "सरकारनं बारा वर्षं आधीच तयारी लावलीय. हे बघा." त्यांनी तारीख २०३८ च्या पुढं ढकलली, आणि पडद्यावर १९०१ साल उमटलं.

कोंडाजी काठी टेकून पुढं वाकले. "तवा धरण न्हवतं."

"नव्हतं."

"आमचं गाव व्हतं."

मॅडमनी मान डोलावली.

"मंग माझ्या पणज्याच्या जमिनीचा उतारा तेवढा काढून द्या. आत्ता सरकारबी त्याच सालात हाय."

मागची रांग हसली. मॅडमनी घाईघाईनं १९०१ पुसून आजची तारीख टाकली.

आज्याच्या डोळ्यांदेखत बुडालेलं गाव त्या दिवशी कोंडाजींच्याही डोळ्यांदेखत बुडालं.