अलीकडचा काठ

"तू इथंच बस. मी दहा मिनिटांत पाहून येतो," असं म्हणत संघपाल बूट हातात घेऊन नाल्यात उतरलासुद्धा.

पाणी घोट्याएवढं होतं. तळाचे गोटे दिसत होते. प्रगतीनं भाकरीची पिशवी खडकावर ठेवली. "अन् मी नाही पाह्यचा काय?" तिनं विचारलं. तोवर तिचा नवरा पलीकडच्या सागाच्या झाडांत शिरला होता.

उटनूरच्या एका कचेरीत तो कारकून होता. पावसाळ्यात दर रविवारी गाडी काढायची आणि कोणाला ठाऊक नसलेले धबधबे शोधत रानात हिंडायचं, हा त्याचा छंद. आजवर सत्तावीस सापडले होते. त्यांतल्या एकापाशीही तो अर्धा तास टिकला नव्हता. पोचला, फोटो काढला, की डोळे पुढच्या डोंगराकडे. आज प्रगती पहिल्यांदाच सोबत आली होती. "एक डाव पाहू त द्या, माणूस जाते कुठं," एवढंच ती सकाळी म्हणाली होती.

पलीकडे वाट अशी नव्हतीच. घाणेरीच्या जाळ्या हातानं सारत संघपाल नाल्याच्या काठानं वर चालला. धबधब्याचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी समोरून. एका वळणाशी गार तुषार तोंडावर आले. आणखी शंभर पावलं, फार तर.

तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. पाणी चहासारखं लाल झालं होतं. सुकी पानं, काटक्या, फेस, सगळं घाईघाईनं खाली चाललं होतं. इथं लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात कुठंतरी पाऊस कोसळला होता.

तो थबकला. शंभर पावलं.

मग पाठ फिरवून पळत सुटला.

काठावर आला, तर उतरायची जागाच राहिली नव्हती. प्रगती बसली होती तो खडक पाण्याखाली गेला होता.

"प्रगती!"

त्याचा आवाज त्याचा त्यालाही ऐकू आला नाही. तो तसाच पाण्यात घुसला. कंबरेपर्यंत गेला, पायाखालचा गोटा सरकला आणि पाण्यानं त्याला ओढलं. एका झाडाचं मूळ हाताला लागलं म्हणून वर तरी आला. पायातले बूट वाहून गेले. काठानं तो खाली धावला, परत वर धावला. पाण्यात काहीतरी हिरवं वाहत आलं. तिची ओढणी हिरवी होती. जवळ आल्यावर दिसलं, फांदी होती.

मग ती दिसली. समोरच्या उंच कातळावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. संघपाल मटकन खाली बसला.

मध्ये चाळीस हातांचं अंतर, पण शब्द पोचत नव्हता. पाणी उतरत नव्हतं आणि त्याला बसवत नव्हतं. उठायचा, काठी टोचून पाणी मोजायचा, परत बसायचा. प्रगती तिकडून हात करायची. आधी एक हात, मग दोन्ही. त्याला वाटलं, चिडली. मग वाटलं, साप निघाला की काय? तो पार काठाशी जाऊन ओरडायचा, "काय झालं? हलू नको तिथून!" ती पुन्हा हात करायची. भीतीपोटी त्यानं तिच्यावरची नजर काढलीच नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. भाकरीचा तुकडा मोडला की ती तो थोडा वेळ नुसताच बोटांत धरून ठेवते, हे त्याला आज दिसलं.

दोन-अडीच तासांनी पाणी मांडीपर्यंत आलं. काठी टेकत, तिरपं चालत तो पार झाला आणि कातळ चढून तिच्यापाशी गेला. त्यानं तिचा हात धरला.

"काय झालं होतं? काऊन हात करून राह्यली होती?"

"मागं पाहा म्हणत होती," प्रगती म्हणाली. "तुमच्या मागंच त होता तो. इथून पुरा दिसते. तीन धारा हायेत."

तो वळला. वरचा पाऊस आता दरीत उतरला होता. पांढऱ्या पडद्याआड झाडांचे शेंडेसुद्धा बुडाले होते. आवाज तेवढा येत होता.

"थांबू जराक. पाऊस हटन," तो म्हणाला. पाच मिनिटं थांबला, पंधरा थांबला. पडदा हलला नाही.

"तू फोटो काढला काय?"

"नाही."

"काऊन?"

"पाहत होती ना."

अंधारायच्या आत दोघं जंगलातून बाहेर आली. गाडी पाड्याच्या तोंडाशी लावलेली होती. अनवाणी पायानं किक मारता मारता संघपाल थांबला.

"सांग ना."

"काय?"

"कसा होता त."

प्रगती मागं बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगू लागली. मधली धार आधी लाल झाली, कडेच्या दोन बराच वेळ पांढऱ्याच होत्या. मग एकेक करून त्याही... रस्ता मोकळा होता. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे निघून जात होते. तिचा एकही शब्द वाऱ्यात जाऊ नये म्हणून संघपालनं गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही.