अंगारकीचा नमुना

रेवती भोईटेंनी लिफ्टच्या ब्रेकचा हूक चहात बुडवला. कारखान्यात प्रत्येक भाग आधी ज्वारीचं पीठ आणि गूळ यांतून थ्रीडी प्रिंटरवर छापून पाहत. रंगाला आणि वजनाला हा नमुना खऱ्या कार्बनच्या भागासारखाच असे, म्हणून एक नियम कडक होता: नमुना पास झाला, की त्याच दिवशी चहाबरोबर खाऊन संपवायचा. काल मात्र अंगारकी होती. सगळ्यांचेच उपास, त्यामुळे हा फळीवर तसाच राहिला होता.

पाच मिनिटं झाली तरी हूक भिजेना. त्यांनी चावून पाहिला. दाढेतून कळ गेली, हुकावर ओरखडाही उठला नाही.

"सावंत, सकाळी पार्सलमध्ये कुठला हूक भरलात?"

पॅकिंगचे सावंत म्हणाले, "फळीवर दोन होते, बाई. पुढचा उचलला. दोन्ही सारखेच तर होते!"

रेवतीबाईंनी प्रसूतिगृहात लिफ्ट बसवायला गेलेल्या डिसोझांना फोन लावला.

"लिफ्ट तासाभरापूर्वीच सुरू केली, मॅडम. मस्त चाललीये, बायकांची ये-जा चालू आहे," डिसोझा म्हणाले. "फक्त एक कळत नाही. लिफ्टच्या टपावर एवढ्या मुंग्या कशाला चढतायत?"