काठाचं फूल

फुलाचा लाकडी ठसा उचलला तर पाकळ्या एकमेकींत मिसळून कापडावर नुसता काळा गोळा उठला होता. सहादेवनं तो बघितला आणि ठशावर हाणायची मोगरी उजव्या हातात तशीच ठेवून डाव्या हातानं बायकोच्या तोंडात मारली.

"कापड धरता येत न्हाई, भवाने?"

छबूच्या नाकातून रक्त आलं. तिनं ते खांद्याला पुसलं आणि मांजरपाटाचा काठ पुन्हा मेजावर ताणून धरला.

रंगाच्या पातेल्याशी बसलेल्या आक्काबाईनं, सहादेवच्या आईनं, मान खाली घातली. त्या साली पाऊस नव्हता. निम्मं भिंगार गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, आणि हिचा लेक घरात बसून बायकोला झोडपत होता.

खोट छबूच्या हातात नव्हती. पाण्यावाचून नवं कापड धुतलंच नव्हतं. अंगावर खळ असलेलं कापड रंग पीत नाही, वरच तरंगत ठेवतं. रंग चढेना म्हणून सहादेव मोगरी जोरात हाणी. जोरात हाणली की ठसा नाचे, आणि ठसा नाचला की फूल फुटे. मग तो आणखी जोर लावी. त्याच्या बापाचीही अशीच समजूत होती, की जोर कमी पडतो. त्या समजुतीपायी आक्काबाईचा डावा कान गेला होता.

"आता एक फूल जरी नासलं," सहादेवनं छबूच्या हाताशेजारी मोगरी आपटली, "तर ही बोटं ठेचीन. मग बस आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानं जेवत."

छबूनं बोटं आत ओढली. तशी कापडाला सुरकुती पडली.

आक्काबाई उठली. आतून कळशी आणली आणि परातीत कापड टाकून सगळी त्यावर ओतली.

"आये! प्यायचं पानी हाय ते!"

"व्हय. कापडबी लई दिसांचं तहानलंय, बाबा."

तिनं खळ आणि वर तरंगलेला काळा रंग निघेपर्यंत कापड चोळलं, पिळलं, अंगणात टाकलं. त्या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागणार? तेवढ्यात तिनं मेजावर घोंगडीची घडी अंथरली, ठसा टेकवायचं रंगाचं फडकं पिळून अर्धं कोरडं केलं आणि लेकाच्या हातातली मोगरी काढून घेतली.

"बस जरा. दमलास मारून मारून."

दमला होताच. बसला.

छबूनं वाळलेलं कापड ताणून धरलं. आक्काबाई ठसा टेकवी, तळहातानं दाबी आणि वरून मोगरीची एकच टिचकी देई. फुलं उठू लागली. पाकळी न् पाकळी सुटी, देठ केसासारखा. छबूच्या हाताखाली आता सुरकुती पडत नव्हती. काठ संपत आला तशी ती, मार खाल्लेल्या तोंडानंच, हसली.

"आत्याबाई, बघा तरी कसं उठलंय!"

आणि बघायला वाकली. मघाचं नाक पुन्हा वाहिलं. थेंब नेमका दोन फुलांच्या मधे पडला.

सहादेव कधी उठला ते कळलंच नाही. छबूचे केस धरून त्यानं तिचं डोकं मेजाच्या कडेवर आपटलं, मग तिला सोडून डावा पंजा घोंगडीवर रोवून पुढे झुकला आणि उजवा हात आईपुढे केला.

"मोगरी दे. आन् तू बोटं ठेव हितं."

छबूनं ठेवली. सांगितलं की करायचं, एवढंच तिला शिकवलेलं. कपाळावरून ओघळलेलं रक्त पापणीशी थांबलं होतं. "आत्याबाई," ती एवढंच म्हणाली.

"देते की," आक्काबाई म्हणाली.

तिनं ठसा रंगावर दाबला. हळूच झटकला. आणि लेकाच्या रोवलेल्या पंजाच्या पाठीवर नीट, कडा बघून बसवला. तान्हा असताना हाच पंजा तिचं बोट धरल्याशिवाय झोपत नव्हता. ते तिला आठवलं. तरी तिनं मोगरी डोक्यावर नेली.

या खेपेला टिचकी नव्हती. वाळकं चिपाड मोडावं तसा आवाज झाला. मग सहादेव ओरडला, आणि मेजाशी गुडघ्यावर आला, हात तसाच वर ठशाखाली अडकलेला.

आक्काबाईनं ठसा उचलला. सुजू लागलेल्या कातडीवर काळं फूल उठलं होतं, कुठंही न पसरलेलं.

"हलला न्हाईस, म्हनून नीट उठलं," ती म्हणाली.

मग तिनं त्याचा हात मेजावरून अलगद बाजूला केला, घोंगडीची सुरकुती काढली, आणि बहिरा कान लेकाच्या बाजूला येईल अशी वळून उभी राहिली.

"छबू, कापड ताण. थोडाच काठ राहिलाय."