चौथी गाडी

जानरावांनी चौथ्या गाडीचं बॉनेट उघडलं, तशी पिंकी अंगणातल्या ओट्यावर टेकली. आता तास गेला, हे तिला माहीत होतं.

इंझोरीच्या उपकेंद्रात नर्स झाल्यापासून तिला गाडी हवी होती. आणि एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर असलेल्या बापाने आधीच्या तिन्ही नापास केल्या होत्या. एकीचा क्लच, एकीचा धूर, एकीचा तर नुसता रंग. पोरगी एकटी रस्त्याला लागणार, हे खरं दुखणं. पण ते बोलून दाखवतील तर ते जानराव कसले.

ही गाडी कारंज्याच्या वीरेंद्र मास्तरांची. जानरावांनी डिकीतलं कार्पेट उचलून गंज शोधला, चारही टायरवरून हात फिरवला, ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. एक चक्कर मारून आले. गिअर मऊ, स्टिअरिंग सरळ. त्यांचा चेहरा पडला.

"चांगली हाय," ते कसंबसं म्हणाले.

"एक राह्यलं, बाबा," पिंकी म्हणाली. "आपन आलो तवाच बॉनेट गरम होतं. गार असताना चालू होते का नाई, ते तुमी पाह्यलंच नाई."

मास्तर ओशाळले. "सकाळी धुवाले नेली होती."

"मंग गार होऊ द्या. थांबू आमी."

जानराव लेकीकडे बघतच राहिले. गाडी हातात आली होती, आणि हीच खोट काढत बसली होती. तीही त्यांच्या नजरेतून निसटलेली. त्यांना तिचा अभिमान वाटला, अन् स्वतःची थोडी लाजही.

मास्तरांच्या पत्नी अंजूबाईंनी पाहुण्यांना जेवायलाच बसवलं. भाकरी झाली, वर चहा झाला, उन्हं कलली. जानरावांनी बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा गार होता. त्यांनी किल्ली पिंकीच्या हातात दिली आणि स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी पहिल्या किल्लीलाच सुरू झाली. पिंकीने गिअर टाकला, पण क्लच सोडला नाही.

"जाऊ का, बाबा?"

तीस वर्षं कंडक्टरच्या डबल बेलवरच गाडी हलवलेल्या त्या माणसाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपावर दोनदा टकटक केलं.