आरशातला रस्ता

अमळनेरच्या भूषणने ती जुनी लाल स्पोर्ट्स कार घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं लेकरासारखी जपली होती. चाकं काढून ती विटांवर ठेवलेली, इंजिन साखळीला टांगलेलं. आज दुपारी त्याने मागचं दाखवणारा आरसा तेवढा बसवला आणि हौसेने आत जाऊन बसला.

"बसलात ना पूजेआधीच?" मागून त्याची बायको हेमांगी हसली. तिच्या ओंजळीत चार लिंबं होती. "आणि हिला चाकंच नाहीत, लिंबं ठेवू कशाखाली?"

"माझ्या डोक्याखाली ठेव," असं म्हणत त्याने आरशात पाहिलं.

आरशात शेड नव्हती. कपाशीच्या शेतांमधून रस्ता मागे मागे पळत होता आणि त्या रस्त्यावर हेमांगी अनवाणी गाडीमागे धावत होती.

त्याने मान वळवली. हेमांगी दोन हातांच्या अंतरावर, लिंबं घेऊन हसत उभी.

पुन्हा आरसा. तिथली हेमांगी आता बोटाएवढी झाली होती. पदर सुटलेला, तोंड हाका मारणारं, पण आवाज पोचत नव्हता. आणखी एक वळण, की ती कायमची दिसेनाशी होणार.

भूषण आरशाकडे बघत ओरडला, "हेमांगी, ये ना गं! बस माझ्या शेजारी!"

आरशातला रस्ता ओस पडला.

शेजारचं दार उघडलं आणि हलकेच लागलं. सीट दबली. त्याच्या कानाशी गरम धाप आली.

"अहो," मागे उभी हेमांगी हळूच म्हणाली, "तुमच्या शेजारी ही कोण येऊन बसली?"