लोमेलचा रस्ता

“पिशवी खाली ठेवा,” आवाज म्हणाला. “आता दहा पावलं मागे व्हा.”

शैलेंद्रला माणूस दिसत नव्हता. रस्त्यावर मालाचे दोन लोखंडी कंटेनर आडवे टाकलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी फट. फटीपलीकडे एक पांढरी व्हॅन उभी होती, काळ्या काचांची. टपावरचा भोंगा डचमध्ये बोलत होता, बेल्जियमच्या हेलात. एप्रिलचं लख्ख ऊन पडलं होतं. दोन्ही बाजूंना पाइनचं रान. भोंगा थांबला की कशाचाच आवाज नाही.

तो मागे सरला. मग पलीकडून त्याची बहीण मनाली आली, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत वाकली आणि तिनं पिशवी उचलली.

“गरम करून खा,” तो लांबूनच ओरडला. तिनं मान हलवली. भोंग्यानं तिलाही मागे जायला सांगितलं.

मनाली बेल्जियममधल्या लोमेलला एकटी राहत होती. तिचा नवरा कुणाल वडिलांच्या अंत्यविधीसाठी नागपूरला गेला आणि साथीमुळे विमानं बंद झाली. शैलेंद्र राहायचा नेदरलँड्सच्या न्यूनेनमध्ये, गाडीनं तासाभराच्या आत. मधे सीमा आहे हे इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. आता सीमा बंद होती; मनाली इकडे आली, तर परत जाऊ देतील याची खात्री नव्हती, आणि तिचं हॉस्पिटल तिकडे. दोन वर्षांपूर्वी तिला नेदरलँड्समध्येच, डेल्फ्टलाही नोकरी मिळत होती. “वेगळा देश म्हणून काय बिचकतेस? सगळा युरोप एकच अंगण आहे,” असं म्हणून लोमेल घ्यायला त्यानंच लावलं होतं.

हे तो उगाच म्हणाला नव्हता. त्याच्या वडिलांनी, बळवंतरावांनी, लहानपणी गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं. माणसांनी आखलेली रेघ कायदा पुसू शकतो, हे त्या घरातलं रोजचं बोलणं. इथलं नागरिकत्व घेताना शैलेंद्रनं युरोपीय संघाचे करार हातात पेन्सिल घेऊन वाचले, संविधान वाचावं तसे. नेदरलँड्सनं संघातून बाहेर पडावं म्हणणाऱ्या शेजारच्या खेरिटशी तो कुंपणापाशी उभा राहून तास तास वाद घालायचा.

पुढच्या शनिवारी तेच झालं. आवाज रागावलेला नसायचा, आणि तेच त्याला जास्त लागायचं. “ती माझी बहीण आहे. कागद दाखवतो,” तो म्हणाला. भोंगा एकदा खरखरला. मग म्हणाला, “पिशवी खाली ठेवा.”

तिसऱ्या शनिवारी व्हॅन नव्हती.

“दादा, कुणी नाहीये,” मनाली फटीपाशी येऊन म्हणाली. “मी केव्हाची उभी आहे. ये ना. बाळ फिरतंय, हात लावून बघ.”

फट तीन पावलांवर होती. शैलेंद्रनं रानाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. एक पानही हलत नव्हतं. त्यानं पिशवी खाली ठेवली. मग त्याचे पाय मागे पडू लागले. आपण मोजतो आहोत हे आठव्या पावलाला त्याच्या लक्षात आलं, तरी तो थांबला नाही. दहा झाल्यावर उभा राहिला.

मनाली कंटेनरला हात टेकून त्याच्याकडे बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी.

गाडीत बसतो तोच बाबांचा फोन आला.

“पोरीला भेटलास? डोक्यावरून हात फिरवलास ना?”

“हो, बाबा,” तो म्हणाला. खरं सांगितलं असतं, तर कुणी न सांगता आपले पाय मागे का गेले ते बाबांना एका वाक्यात कळलं असतं.

मे महिन्यात मनाली एकटीच बाळंत झाली. मुलगी. मामानं भाचीला फोनवर पाहिलं. खेरिटनं कुंपणावरून अभिनंदन केलं आणि सवयीनं संघाचा विषय काढला. शैलेंद्र वाकून कुंपणाजवळचं गवत उपटू लागला. खेरिट थोडा वेळ वाट पाहून घरात गेला.

जूनच्या मध्यावर कंटेनर उचलले. शैलेंद्र पोहोचला तेव्हा रस्ता पूर्वीसारखा झाला होता. सायकलवाले गप्पा मारत या देशातून त्या देशात जात होते. मनाली बाळाला छातीशी धरून पलीकडे उभी होती. त्यानं गाडी अलीकडेच थांबवली आणि उतरून गाडीपाशीच उभा राहिला.

“चल, घरी जेवायला,” ती म्हणाली.

“तूच ये इकडे. बाळाला घेऊन, सगळ्या सामानासकट. तुमच्यासाठी न्यूनेनमध्ये घर बघून ठेवलंय.”

मनालीला हसू आलं. “अरे दादा, आता उघडलंय की.”

“आज उघडलंय,” शैलेंद्र म्हणाला.