राखीव घंटी

सईदानं खोक्यावर शेवटची चिकटपट्टी ओढली आणि मान वर केली, तर दारात एक म्हातारा उभा. खांद्यावर दुपट्टा, हातात अंबाडीचा नवाकोरा दोर.

"सईदाबाई तुमीच न? मी मुखरू. गायकी, गावच्या गाई चारतो. घंटीसाठी माह्या पोरीनं, दिव्यानीनं, फोन केलता."

सईदाचा हात खोक्यावरच राहिला. तिचा नवरा इनायत गावोगाव फिरून स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात जुनं पितळ-कासं गोळा करायचा आणि सईदा त्याचे फोटो मोबाईलवर लिलावाला टाकायची. वरोऱ्यातलं त्यांचं दुकान ते एवढंच.

"बसा भाऊ. पाणी देते."

"पाणी नको. घंटी द्या, मी परतीची बस धरतो. सुकरी एकटीच गोहण घेऊन जंगलात गेली हाये." तो उंबऱ्यावरच टेकला. "साऱ्या गावचे जनावरं हायेत बाई. म्होरल्या गाईच्या गळ्यातली घंटी गेली तवापासून पांगून राह्यले. एक नाल्यात, तं एक पार डोंगराकडं. परवा कलाबाईची कालवड वाघानं नेली. सुकरी म्हणे, भांड्यावर घंटी मीच देल्ली, आता जनावरामागं मीच जाईन. बायको हाये माही, पण आयकते का?"

सईदानं मोबाईल काढून त्याच्यापुढं धरला. काशाच्या घंटीचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरं : राखीव – मुखरूभाऊंसाठी.

"हे पाहा, खुदाकसम, तुमच्यासाठीच ठेवली होती. नाव लिहिलं. वरून कोणी बोली लावू नये म्हणून किंमत टाकली पन्नास हजार. म्हटलं, एवढ्यात घंटी कोण घेते?"

"मंग?"

"घेतली. काल. पुण्याच्या एका साहेबानं."

मुखरू फोटोकडं पाहत राहिला. "माह्या नावाची घेतली? त्याले वाचता येत नाई का?"

सईदानं त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं सांगितलं, गाई, जंगल, वाघ. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, खरं सांगू? राखीव लिहिलं होतं म्हणूनच घेतली. दुसऱ्यासाठी राखून ठेवलेली वस्तू बनावट नसते. हॉलच्या दाराला जागासुद्धा करून ठेवलीय मी. त्या काकांना दुसरी घंटा घेऊन द्या ना, पैसे मी देतो."

फोन बंद झाला. सईदानं फळीवरच्या होत्या तेवढ्या घंट्या काढून मुखरूपुढं मांडल्या. त्यानं एकेक उचलली, कानाजवळ धरून हलवली आणि अलगद खाली ठेवली.

"चांगल्या हायेत. पण हे दुसऱ्याच्या गाईच्या. आमचे वासरं त्याच आवाजामागं चालायले शिकले. ते वाजली का मान वर करतेत अन् चालू लागतेत. माह्या बापापासून हेच चालू हाये." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्या साहेबाचं मोडून टाका न बाई."

मोडता येत होतं. एक बटण होतं. पण दिवाळीत एक सौदा तिनं असाच मोडला होता आणि तेव्हाच लिलाववाल्या कंपनीची तंबी आली होती : पुन्हा असं झालं तर दुकान बंद. इनायतच्या गुडघ्यांनी आता सायकल चालत नव्हती. सईदाचं बोट बटणापर्यंत गेलं आणि मागं आलं.

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. कुरिअरवाला, पुण्याचं खोकं न्यायला.

मुखरूनं खोकं उचललं. हलवलं. आवाज आला नाही.

"मुकी केली का बाई तिले?"

"वाटेत आपटू नये म्हणून कागद कोंबला, भाऊ."

"काढा."

सईदानं पट्टी कापली. घंटीच्या पोटातला कागदाचा बोळा ओढून काढला आणि घंटी त्याच्या हातात दिली. मुखरूनं ती एकदाच हलवली. आवाज खोलीभर फिरला. बाहेर कुरिअरवाल्यानं गाडी बंद केली.

सईदा उघडं खोकं दोन्ही हातांत धरून उभी होती. मुखरूकडं न पाहता.

त्याच्या एका हातात घंटी, दुसऱ्या हातात दोर. तो घंटीच्या कडीतून दोर ओवू लागला, अर्धा ओवला, आणि थांबला. त्यानं सईदाचे हात पाहिले. खोकं हलत होतं.

"सईदाबाई, आटपा. गाडी सुटते माझी," कुरिअरवाला ओरडला.

मुखरूनं दोर काढून घेतला. घंटी खोक्यात ठेवली.

"कागद नका घालू," तो म्हणाला. "वाजू द्या तिले."

तिनं नवी पट्टी लावली. कुरिअरवाल्यानं खोकं मागच्या पिशवीत टाकलं आणि गाडीला किक मारली. गल्लीत खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला खोक्यातून आवाज येत होता, दबका, पण स्पष्ट.

मुखरू उठला. उंबऱ्याबाहेर येऊन त्यानं मान वर केली.

"भाऊ," सईदा मागून म्हणाली, "बसस्टँड उजव्या हाताले हाये."

गाडी डावीकडं वळली होती. मुखरू डावीकडं चालू लागला.